खालून आलेलं पाणी

नद्यांच्या वाचनांची तपासणी हे माझं नोकरीतलं पहिलं काम होतं आणि ते मी चांगलं करायचे. हे आधीच सांगते, कारण पुढे जे घडलं ते आळसानं किंवा दुर्लक्षानं घडलेलं नाही. लक्ष माझं पूर्ण होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही ऊर्जानगरला क्वार्टरमध्ये राहायचो. नवरा वीज केंद्रात शिफ्टवर, आणि मी सकाळी दोन डबे भरून, वाळत घातलेले कपडे केंद्राच्या चिमणीची राख पडायच्या आधी आत घेऊन, वीज मंडळाच्या बसनं चंद्रपुरात उतरायचे. आमचं कार्यालय पाण्याच्या नोंदी ठेवायचं. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या लहानमोठ्या नद्यांवर, पुलापाशी नाहीतर घाटापाशी, आकडे रंगवलेल्या पट्ट्या उभ्या होत्या. पट्टीला सगळे गेज म्हणायचे, आणि गावातला जो माणूस पावसाळ्यात ती वाचून वहीत आकडा लिहायचा तो गेजवाला. नेमणूक हंगामी. पावसाळा सरला की संपली. तक्रार नसेल तर पुढच्या जूनमध्ये यादीत पुन्हा नाव यायचं.

महिना संपला की या वह्यांचे तक्ते माझ्या टेबलावर यायचे. खरे आकडे कोणते आणि घरी बसून भरलेले कोणते हे ओळखायचं.

ते मला चाचांनी शिकवलं. चाचा आमच्या टेबलाचे वरिष्ठ. चंद्रपुरातलं जुनं मुसलमान घर, सगळे भाऊ बांगड्यांच्या दुकानात आणि हे एकटे नोकरीत. साहेबसुद्धा त्यांना चाचाच म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्यासमोर एक तक्ता ठेवला आणि म्हणाले, "बेटी, पूरा मत पढ़. सिर्फ आखरी आकडा देख. घर बैठ के लिखनेवाला शून्य लिखता है या पाँच. झूठ बोलनेवाले के हाथ से सात नहीं निकलता."

हे शंभर टक्के खरं होतं. पहिल्या दोन पावसाळ्यांत मी तीन गेजवाले पकडले. त्यातला एक तर ज्या आठवड्याचे आकडे लिहीत होता त्या आठवड्यात बहिणीच्या लग्नाला नागपूरला गेलेला होता. साहेबांनी माझं नाव दोनदा चारचौघांत घेतलं. मला ते आवडलं, नाही कशाला म्हणू.

चाचांच्या युक्तीत मी माझी एक भर घातली. टेबलामागच्या भिंतीवर मी खोऱ्यांचा नकाशा लावला, स्वतः रंगवलेला. वर्धा हिरवी, वैनगंगा निळी, दोघी मिळून होते ती प्राणहिता जांभळी, आणि त्यांना मिळणाऱ्या लहान नद्या वेगवेगळ्या फिक्या रंगांत. प्रत्येक खोऱ्याभोवती डोंगरकण्यावरून फिरणारी काळी रेघ. रेघेच्या आत पडलेला पाऊस त्या नदीचा, बाहेर पडलेला दुसरीचा. कुठल्या खोऱ्यात किती पाऊस झाला ते मी एका कागदावर काढायचे, नदी किती चढली ते दुसऱ्या कागदावर, आणि दोन्ही शेजारी ठेवायचे. पाऊस आहे तर पाणी आहे. पाऊस नाही तर पाणी नाही. इतकं साधं असताना लोक आयुष्यभर गोंधळ का घालतात, असं मला तेव्हा वाटायचं.

अहेरीच्या खाली एक लहान नदी डोंगराकडून येऊन प्राणहितेला मिळते. संगमापासून दोन-तीन किलोमीटर वर गोंड वस्तीचं एक गाव आहे आणि गावच्या घाटावर आमची पट्टी होती. तिथला गेजवाला गावातलाच, चाळिशीचा, सातवी शिकलेला. थोडी धानाची बांधी आणि बाकी जंगल, मोह, तेंदू. अक्षर तिरकं पण स्वच्छ. मी त्याला पाहिलेलं नव्हतं. अक्षर तेवढं ओळखत होते.

एका ऑगस्टच्या तक्त्यात त्याची नदी नऊ दिवस चढलेली होती. सावकाश चढली, थांबली, सावकाश उतरली. त्या नऊ दिवसांत तिच्या खोऱ्यात एकाही पर्जन्यमापकात थेंब पडलेला नव्हता. मी तीनदा तपासलं, मग तक्ता चाचांपुढे ठेवला.

चाचांनी चष्मा खाली ओढला. "आखरी आकडे तो सच्चे लग रहे हैं," ते म्हणाले.

मलाही दिसत होतं. दोन, सात, नऊ, तीन, सात. शून्य शोधूनच काढावं लागलं असतं.

"हुशार झाला असेल तो," मी म्हटलं. "पाऊसच नाही तर पाणी आणलं कुठून, चाचा?"

त्यांनी तक्ता बराच वेळ हातात धरला. मग म्हणाले, "तू नक्शेवाली है. तुझे मालूम." तपासणीच्या रकान्यात वरिष्ठाची सही लागायची. त्यांनी ती केली.

मी लाल शाईनं ते नऊ दिवस कापले. आधीचा आणि नंतरचा आकडा रेघेनं जोडून मधले आकडे माझे मी काढले आणि वर लिहिले. शेऱ्यात लिहिलं, 'वाचने खोटी. अग्राह्य.' पुढच्या जूनच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

तो भेटायला आला तेव्हा जून अर्धा झाला होता. सकाळची पहिली गाडी धरून, गोंडपिपरीमार्गे, दुपारी एकच्या सुमाराला तो आमच्या दारात उभा होता. पांढरा धुतलेला शर्ट, हातात कापडी पिशवी. शिपायानं माझ्याकडे बोट केलं.

"बाई, माझं नाव काऊन कापलं?"

"तुम्ही खोटे आकडे लिहिले, भाऊ."

"कोणते?"

मी तक्ता काढून दाखवला. त्यानं नऊ दिवसांवरून सावकाश बोट फिरवलं. "हे खरे हायेत. तवा पानी खालून आलं होतं."

"खालून म्हणजे?"

"प्राणहिता भरली का आमच्या नदीले जागाच नाई राहत. मंग ते उलटी चालते, डोंगराकडं."

इथं थांबायला हवं होतं. एक प्रश्न आणखी विचारला असता, किंवा नकाशात प्राणहितेचा जांभळा रंग कुठवर जातो ते नीट पाहिलं असतं, तर पुरलं असतं. पण शेजारच्या टेबलांवरचे दोघं काम सोडून ऐकत होते, आणि मी त्यांच्याकडे पाहत म्हटलं, "भाऊ, उद्या सांगाल ऊर्जानगरची राख चिमणीत परत जाते."

ते दोघं हसले. शिपाईही हसला.

तो हसला नाही आणि चिडलाही नाही. "राखेचं मले माहीत नाई, बाई. नदीचं माहीत हाये. तुमी एकदा येऊन पाहा."

"पावसाळ्यात तिकडचा रस्ता बंद असतो."

"त्याच पान्यानं बंद होते," तो म्हणाला.

आमच्या पाहण्या उन्हाळ्यात व्हायच्या, ही खरी गोष्ट होती. मार्च-एप्रिलमध्ये पट्टी कोरड्या रेतीत उभी असायची आणि आम्ही तिच्याजवळ उभं राहून 'गेज सुस्थितीत' असं लिहून परत यायचो. पुराची नदी त्या कार्यालयातल्या कोणी पाहिलेली नव्हती. मीही नाही.

चाचा त्याला चहाला घेऊन गेले. मी पुढचा तक्ता काढला.

त्यानंतर वर्षभर ऑफिसात कोणी उशिरा आलं की दुसरा विचारायचा, "काय, नदी उलटी आली का?" विनोद माझा होता, म्हणून मीही हसायचे.

त्याच्या जागी रस्त्यावरच्या एका किराणा दुकानदाराला नेमलं. त्याचे तक्ते वेळेवर यायचे. पाऊस पडला की त्याची नदी चढायची, थांबला की उतरायची. शेवटचे आकडे शून्य, पाच, शून्य, शून्य, पाच. पहिल्याच तक्त्यात मला कळलं. मी ते मंजूर केले, कारण ते माझ्या कागदाला पटत होते. हे वाक्य लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

चाचा त्याच वर्षी निवृत्त झाले आणि टेबल माझ्याकडे आलं.

दोन-तीन वर्षं गेली. एका ऑगस्टमध्ये त्या दुकानदाराचा तक्ताच आला नाही. तोवर त्या रस्त्यावर पुरात बुडणाऱ्या रपट्याच्या जागी उंच पूल झाला होता, म्हणून जीप जाऊ शकत होती. मी निघाले. ड्रायव्हर अहेरीचाच होता, त्या भागातल्या सगळ्या भाषा बोलणारा.

आठ दिवस तिकडे पाऊस नव्हता. ऊन कडक पडलं होतं. घाटावर उतरलो तर नदी काठोकाठ भरलेली, तांबडी, रुंद. आणि आवाज नव्हता. भरलेल्या नदीला आवाज असतो, हिला नव्हता. पाण्यावर फेसाचे पुंजके होते, सागाची पानं होती, बांबूचा एक तुकडा होता, आणि ते सगळं सावकाश चाललं होतं. मला वाटलं माझी दिशा चुकली.

"प्राणहिता कोणत्या बाजूला?" मी विचारलं.

ड्रायव्हरनं पाठीमागे हात केला.

"मग हे पाणी कुठं चाललं?"

"माहेरी," तो म्हणाला.

मी पळसाचं पान तोडून टाकलं. ते डोंगराकडे गेलं. दुसरं टाकलं, तिसरं टाकलं. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, आता झाड टाकता का?"

कळायला काही क्षण लागले, कारण कळण्यासारखं फार थोडं होतं. वर भंडाऱ्याकडे, त्याच्याही वर मध्य प्रदेशात पाऊस झाला असणार. ते पाणी वैनगंगेतून खाली आलं, प्राणहिता फुगली, आणि ही लहान नदी तिच्या दाराशी अडून मागे सरकत होती. शाळेतल्या पोराला समजेल असं. माझ्या नकाशात दोन्ही रंग संगमाच्या टिंबावर एकमेकांना चिकटलेले होते. ते टिंब मीच काढलं होतं.

दुकानदाराची वही गल्ल्याशेजारी सापडली. सकाळचे अकरा वाजले होते आणि त्या दिवसाचं संध्याकाळचं वाचन भरून झालं होतं. त्या वहीप्रमाणे नदी तळाला होती. मी वही होती तिथं ठेवली.

मग जुन्या गेजवाल्याकडे गेले. तो बांधीला काट्यांचं कुंपण बांधत होता. त्यानं मला लगेच ओळखलं.

"आल्या का, बाई. राख गेली का चिमणीत?"

ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तुमचे आकडे खरे होते."

"मले माहीत हाये." त्यानं गाठ ओढून घट्ट केली.

"पुढच्या हंगामात तुमचं नाव परत घालते."

"नावाचं पाहू मंग. पह्यले गावाले सांगा."

मला समजलं नाही. तेव्हा त्यानं हातातली फांदी खाली ठेवून सांगितलं. गावात भांडण झालं की चार माणसं बसून ते मिटवतात. जमिनीचं असो, नवरा-बायकोचं असो. त्या चारांत तो बसायचा, त्याच्या आधी त्याचा बाप बसायचा. नेमणूक रद्द झाल्याचा कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला होता, कारणासकट. कारण म्हणजे माझा शेरा.

"सरकारच्या कागदावर लबाड निघालेला मानूस निवाड्याले कसा बसन?" तो म्हणाला. "कोणी मले काई बोललं नाई. फक्त बलावनं बंद केलं."

मी तो शेरा अर्ध्या मिनिटात लिहिला होता. तो कार्यालयाबाहेर कोणी वाचेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

दुपारी मोहाच्या झाडाखाली वीस-पंचवीस माणसं जमली. म्हातारी माणसं पुढे बसली, त्यांना गोंडीशिवाय काही येत नव्हतं. मी उभी राहून सांगितलं. या भावांनी लिहिलेले आकडे खरे होते. मी त्यांना खोटं ठरवलं. मी इथं न येता ठरवलं. चूक माझी आहे. चार वाक्यं. मी ती बोलले, एवढं माझ्या बाजूनं सांगण्यासारखं आहे. मग प्रश्न आला की हे गोंडीत कोण सांगणार. ड्रायव्हर पुढे होणार तेवढ्यात गेजवाला स्वतःच उठला आणि बोलला. त्याची दोनच वाक्यं झाली. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. एक म्हातारी काहीतरी म्हणाली आणि सगळे हसले.

जीपकडे जाताना ड्रायव्हर म्हणाला, "बाई, तुमचं चुकलं हे त्यानं सांगितलंच नाई."

"मग काय सांगितलं?"

"म्हने, नदी उलटी येते हे आता सरकारलेई समजलं. आपन तर पाहतच आलो. त्याच्यावर बुढी म्हने, सरकारले पोहता येत नसन म्हणून येवढे दिवस लागले."

मी परत फिरले आणि त्याला विचारलं, असं का केलं.

"तुमचं चुकलं म्हटलं असतं, तर लोक म्हनले असते, यानंच बाईले पटवून आनलं," तो म्हणाला. "नदी त्यायनं सोताच्या डोळ्यानं पाह्यली हाये. तिच्यावर कोणी शक घेत नाई." मग कुंपणाकडे वळता वळता म्हणाला, "तुमचं तुमी वहीत लिहा. तिथी मी सांगाले नाई येत."

परतीच्या वाटेवर, आलापल्लीपासून पुढे सगळं जंगल संपेपर्यंत, मी साहेबांपुढे ठेवायची टिप्पणी मनात लिहीत होते. पहिल्याच ओळीत 'माझ्याकडून' हा शब्द होता.

साहेब तोवर बदलले होते. नवे साहेब तरुण आणि हुशार. मी त्यांच्यासमोर जुना तक्ता ठेवला, प्राणहितेची त्याच ऑगस्टमधली पातळी ठेवली आणि पाणी कसं मागे येतं ते सांगितलं. ते दोन मिनिटांत समजले आणि खूश झाले. "याचा तर स्वतंत्र अहवाल होईल," म्हणाले. मग तक्त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "पण ही वाचनं खोटी ठरवली कोणी?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांना तपासणीचा रकाना दिसला. "सही तर तुमच्या त्या चाचांची दिसते."

"हो, सर," मी म्हटलं.

सही चाचांचीच होती. मी खोटं बोलले नाही.

"त्या पिढीला खोऱ्यांचं गणित कुठून माहीत असणार," साहेब म्हणाले आणि टिप्पणी सांगू लागले. पूर्वीच्या तपासणीत झालेल्या चुकीमुळे अग्राह्य ठरलेली वाचने पूर्ववत करावीत, संबंधितास पुन्हा नेमावे. मी ती माझ्या हातानं उतरवून घेतली. त्या वर्षी माझी बढती ठरायची होती, आणि त्या भीतीनं गप्प राहिले असं म्हणायला मला बरं वाटलं असतं. पण बढतीचा विचार तेव्हा मनात नव्हता. चुकलेल्याच्या जागेवर माझ्याऐवजी दुसरं कोणीतरी उभं आहे, एवढ्यानंच मला हलकं वाटलं होतं. निवृत्त माणसाला काय फरक पडतो, असंही मी स्वतःला सांगितलं.

गेजवाला परत लागला. ड्रायव्हरकडून कळलं की गावात त्याला निवाड्याला बोलावतात. त्याचे तक्ते पुढे कित्येक पावसाळे माझ्या टेबलावर आले, साता-नवांनी भरलेले. नदी मागे यायची त्या दिवशी शेऱ्यात तो 'पानी खालून' एवढंच लिहायचा. मी खाली सही करायचे. अहवालही झाला. त्यावर माझं नाव होतं, आणि नागपूरला तो मी वाचून दाखवला. प्रश्नोत्तरांत एका गृहस्थांनी विचारलं की हे प्रथम लक्षात कसं आलं. मी म्हटलं, प्रत्यक्ष पाहणीत.

गेजवाला परत लागला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात गोल बाजारात भाजी घेताना चाचा भेटले. दाढी पूर्ण पांढरी झाली होती. त्यांनी घरचं विचारलं, पोरांचं विचारलं, मग म्हणाले, "वो अहेरीवाले गेज का क्या हुआ?"

"परत घेतलं त्याला, चाचा. आकडे खरे निघाले."

"अच्छा हुआ." ते वांगी निवडत होते, एकेक दाबून पाहून. "गलती किसकी निकली?"

ऑफिसातलं कोणी ना कोणी दर शुक्रवारी त्यांच्या घराकडे जायचं. टिप्पणीत चूक कुणाची ठरली ते त्यांना माहीत असेल, नसेल. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला काही वाचता आलं नाही.

"जुनी बाब होती, चाचा," मी म्हटलं. "कागद बंद झाला."

"हाँ," ते वांगी पिशवीत टाकत म्हणाले, "पुराने लोग बहुत गलतियाँ करते थे."

ईदला सगळ्यांना घेऊन ये, म्हणाले. मी येते म्हटलं. गेले नाही.